उजवा इंडिकेटर

रंभाबाईनं डाव्या हातातली इंडिकेटरची फुटकी काच अमरच्या गॅरेजातल्या टेबलावर आपटली. मागून तिचा नवरा वाकडी झालेली स्कूटर ढकलत आणत होता. "काढून टाक तो इंडिकेटर!" ती कडाडली. अमर हातातला पाना ठेवून उठला. "काऊन बाई? मागल्या हप्त्यातच तं दुरुस्त केला. पेटत नाई का?" "पेटते! पेटते म्हणूनच तं मेली असती मी. मासोळी घेऊन येत होती. गावाकडं वळाचं म्हणून उजवा इंडिकेटर देल्ला, तं मागचा खदानीचा ट्रक थांबाचं सोडून उजवीकडूनच घुसला. मी रस्त्यावर, मासोळी नालीत. अन् तो डायवर उतरून मलेच म्हणते, तूच तं साइड देल्ली!" अमरनं मान खाजवली. "ट्रकवाल्यायचं तसंच असते, बाई. पुढच्यानं उजवा देल्ला का ते समजतात, रस्ता मोकळा हाय, निंघून जा." "मंग ज्याले खरंच उजवीकडं वळाचं हाय, त्यानं काय जंगलात घुसाचं? इंडिकेटर बंद होता म्हणून पोलिसानं चौकात सर्व्यायसमोर झापलं, तवा तुह्याकडं आली. तोवर मी हात दाखवून वळत होती. एकाही ट्रकनं कधी धक्का नाई मारला!" अमर नजर चुकवत म्हणाला, "तं मंग पयल्यासारखा हातच दाखवत जा, बाई." रंभाबाईनं पदर बाजूला केला आणि प्लास्टरमधला उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. "कोणता? हा?"