खंडूच्या पिसवा

"पिसवा गेल्या नाहीत, तर रविवारी कुत्रा मामाकडे परत जाईल!" पाय खाजवत दिगंबररावांनी लेकीला बजावलं.

ओवी रडली नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून तिनं खंडूला औषध लावलं. रोज शाळेतून आली की ती बारीक फणीनं त्याचे केस विंचरायची, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायची, घरभर झाडू फिरवायची, चादरी गरम पाण्यात धुवायची. तिचे लाल झालेले हात दिगंबरराव पेपराआडून बघत होते.

रविवारी ते मुद्दाम खंडूच्या गोधडीवर उघड्या पायांनी बसले. बऱ्याच वेळानं उठले, तरी पायाला एकही पिसू चावली नव्हती.

इतक्यात शेजारचे पोंक्षे डोकावले. "मग, पाठवताय ना कुत्रा?"

"छे! आमच्या ओवीचा कुत्रा आहे तो," दिगंबरराव ताठ मानेनं म्हणाले. "या, बसा गोधडीवर. एक पिसू चावली तर सांगा!"