फळ्यावरचं ब्राझील

"ब्राझील सगळ्यांत वर!" प्रूइटसाहेब कचेरीच्या दारातून ओरडले. "आणि चांगलं ठसठशीत लिही. एक अख्खा देश आज युद्धात उतरलाय, मर्टल. कोणाची गाय नाही व्यालेली."

मर्टल शिडीवर होती. वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेरच्या काळ्या फळ्यावर सात ओळी मावत. आठवी बातमी आली की आधीची एक पुसायची, हा शिरस्ता. तीन वर्षं ती साऱ्या जगाचं युद्ध या सात ओळींत कोंबत आली होती. आज सकाळपासून तिने डॉन नदी दोनदा पुसून दोनदा लिहिली, कारण जर्मन नदीच्या अलीकडे आहेत की पलीकडे, हे आतल्या तारयंत्राचं काही ठरत नव्हतं. त्याखाली सॉलोमन बेटं, इजिप्त, हिंदुस्थानातली धरपकड. खांदा भरून आला होता, खडूने नाक चोंदलं होतं, आणि आता हे ब्राझील!

फक्त सगळ्यांत खालच्या ओळीला हात लावायचा नाही, अशी साहेबांची ताकीद होती. 'दिएपचा छापा ठरल्याप्रमाणे पार पडला.' ती ओळ गुरुवारची. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या त्या छाप्यात या गावची पोरं होती, आणि मर्टलचा धाकटा भाऊ क्लिफर्डही. गुरुवारी तिने हौसेने त्या ओळीखाली जाड रेघ ओढली होती. लोकांनी टोप्या उडवल्या होत्या. आज शनिवार उजाडला तरी पुढे अवाक्षर नाही. ठरल्याप्रमाणे म्हणजे कसं? कोणी ठरवलं होतं? साहेबांना तिने सहा वेळा विचारलं. सहाही वेळा एकच उत्तर, "तार आली की कळेल." तिला खडू फेकून मारावासा वाटला.

शनिवारचा बाजार होता. मक्याच्या, पीचच्या टोपल्या खाली ठेवून लोक वर बघत होते.

"मर्टलबाई, हे ब्राझील आहे तरी कुठे?" म्हाताऱ्या स्नायडर लोहाराने विचारलं.

"खाली. दक्षिणेला."

"मग तीन वर्षं झोपले होते का ते? आमची पोरं तिकडे मरायला लागली, आता ह्यांना जाग आली!"

लोक हसले. तेवढ्यात स्टेशनवरचा तारमास्तर सायकलवरून गेला. दुपारपासून तो तिसऱ्यांदा जात होता, आणि एकदाही त्याने फळ्याकडे मान वर केली नव्हती.

मर्टल ब्राझीलचा शेवटचा शब्द पुरा करत होती, तोच कोणीतरी शिडी हलवली. खाली कॅरदर्सबाई उभी होती. गावातले निम्मे कपडे तिच्या हातून धुऊन निघत. हात अजून ओलेच होते, आणि त्यांत एक पिवळा कागद.

"पोरी, हे लिही."

"बाई, फळ्यावर फक्त तारेची बातमी लिहितात."

"मग ही काय आहे? तारच आहे ना?"

मर्टल दोन पायऱ्या उतरली. कागदावर शाई फुटली होती, तरी वाचता येत होतं. लोर्न कॅरदर्स, एकोणीस ऑगस्टच्या लढाईत बेपत्ता.

"डॉन नदी कुठे वळते ते ह्यांना ठाऊक," कॅरदर्सबाईचा आवाज चढला. "ब्राझीलवाले सकाळी काय म्हणाले तेही ठाऊक. आणि माझा सव्वासहा फुटी घोडा कुठे आहे, ते ठाऊक नाही! तू लिही. कोणाच्या पोराचं पत्र येईल, त्यात आमच्या लोर्नला पाहिल्याचं असेल, तर मला येऊन सांगा म्हणावं. मी दारोदार विचारत नाही फिरायची. जीव नाही उरला माझ्यात."

मर्टलने खालची ओळ पुसली. 'ठरल्याप्रमाणे' लगेच गेलं. रेघ मात्र जाईना, तिनेच ती दाबून ओढली होती. त्या रेघेवरच तिने लोर्नचं नाव लिहिलं.

प्रूइटसाहेब तरातरा बाहेर आले. "ती ओळ कोणी पुसली? सरकारी यादी आल्याशिवाय एकही नाव चढवायचं नाही, कितीदा सांगू!"

"ही घ्या तुमची यादी," कॅरदर्सबाईने कागद त्यांच्या छातीवर ठेवला.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग ते बाईच्या मागे बघू लागले.

"मर्टल," ते हळूच म्हणाले, "आणखी किती जणी आहेत?"

मर्टल शिडीवर वळली. कॅरदर्सबाईच्या पाठीमागे रांग लागली होती. पहिली स्नायडरची सून. म्हाताऱ्याने टोपी काढली होती आणि तिचा दंड धरला होता. तिच्यामागे दूधवाल्याची बायको. आणि तिच्यामागे, कमरेला स्वयंपाकाचा ॲप्रन तसाच, मर्टलची आई.

"तिघी," मर्टल म्हणाली.

"ब्राझील पुसून टाक," साहेब म्हणाले. "डॉनही. इजिप्तही."

मर्टलची आई आयुष्यात कधी रांगेत धड उभी राहिली नव्हती. खाटकाकडेसुद्धा कोपराने ढकलत पुढे घुसायची, आणि मर्टल लाजेने चूर व्हायची. आज आई सगळ्यांच्या मागे, पिवळा कागद पोटाशी धरून, आपली पाळी यायची वाट बघत उभी होती.