केप वाजल्यानंतर

दाजींनी चाप ओढला, घोडा आदळला, दारू पेटवणारी केप फटकन वाजली. परंतु ठासणीच्या बंदुकीतून बार काही निघाला नाही. करवंदीच्या जाळीपुढे पाचोळा उकरणारा रानकोंबडा सावध झाला आणि फडफडत दरीत उतरला.

"काय हो दाजी, ही बंदूक की चुलीची फुंकणी?" शेजारी दबा धरून बसलेला मेहुणा खदखदून हसला. "आत दारू ठासलीत की राख? बघू तरी!" असे म्हणत त्याने नळीचे तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढले आणि आत डोळा लावला.

सर्द दारू आतल्या आत धुमसते आणि मागाहून एकाएकी पेट घेते, हे दाजी पूर्णपणे जाणून होते. "सोड! बार आत आहे, सोड!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. मेहुण्यास ती थट्टाच वाटली. त्याने नळी अधिकच घट्ट धरली. दुसरा मार्ग उरला नाही. पत्नीच्या त्या एकुलत्या एक भावाच्या पोटात दाजींनी सर्व शक्तीनिशी लाथ घातली आणि बंदूक आकाशाकडे धरली.

मेहुणा पाचोळ्यातून उठला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "एका कोंबड्यापायी मला लाथ? ताईच्या घरी माझे पाऊल आता पडणार नाही."

"अरे, जरासा थांब! आत्ता वाजेल बघ!" दाजी गयावया करीत म्हणाले. ज्या बाराच्या भयाने त्यांचा जीव कासावीस झाला होता, त्याच बारासाठी ते देवाची करुणा भाकू लागले.

मेहुणा पायवाटेच्या वळणाआड दिसेनासा झाला, तरी बंदूक वाजली नाही.