समितीकडे गेलेलं पत्र

ऑगस्टाच्या पत्राला मी नऊ वर्षं उत्तर दिलं नाही. "कॉम्रेड, लग्न करू या का?" असं तिनं मिलवॉकीहून सरळ विचारलं होतं. पण पत्र आलं शिकागोच्या आमच्या सिगार कामगार संघाच्या पत्त्यावर, आणि तिथं आलेलं प्रत्येक पत्र चिटणीसानं सभेत वाचायचं, असा नियम. चिटणीस मीच. वाचलं. सभा पोट धरून हसली आणि रीतीप्रमाणे उत्तर ठरवायला तिघांची समिती नेमून मोकळी झाली.

दर महिन्याला मतदान व्हायचं. ओटो म्हणायचा, "हो." हर्मन म्हणायचा, "नाही, असा चिटणीस पुन्हा मिळायचा नाही!" तिसरा सभासद तटस्थ. मग विषय पुढच्या महिन्यावर.

यंदा मे दिनाच्या शुभेच्छांखाली ऑगस्टानं लिहिलं, "समितीला शेवटचं विचारतेय."

ओटो तिसऱ्यावर खेकसला, "अरे बाबा, ती बिचारी म्हातारी झाली! तुझ्या हाताला काय संधिवात झालाय?"



मी चष्मा पुसला, नऊ वर्षांत पहिल्यांदा हात वर केला, आणि त्याच दुपारी उत्तर पोस्टात टाकलं.