डावा कान

"ऐकू येतंय का, तोफखाना?" सोपानरावनं चिमाजीच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"वरडू नको. समदं ऐकू येतंय," चिमाजी म्हणाला. "तुझ्या पोटात गुरगुरतंय ते पण."

सोपानराव हसला. ज्योतीरामच्या हातातला चहा तसाच राहिला. चिमाजीच्या डाव्या कानात मशीन होतं. कातडीच्या रंगाचं, शेंगदाण्याएवढं. फौजींच्या दवाखान्यातून कालच मिळालेलं.

तिघंही माजी फौजी. आता चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर, फर्स्ट शिफ्टला. तीनला शिफ्ट सुटायची, बस साडेतीनला. मधला अर्धा तास वजनकाट्यामागच्या बाकड्यावर फौजेतल्या गप्पा चालायच्या. सोपानराव ड्रायव्हर होता. घाटात एका साहेबाच्या जीपला साइड दिली नाही, हा त्याचा किस्सा. दोन वर्षांपूर्वी तो साहेब मेजर होता. सांगता सांगता आता ब्रिगेडियर झाला होता. चिमाजी तोफेवर. अठरा वर्षं तोफ त्याच्या डाव्या हाताला, त्यामुळं डावा कान पार गेलेला. उजव्यावर काम चालायचं. बोलायचा मात्र मोठ्यानं, म्हणून दर सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढची कमांड त्याचीच. ज्योतीराम इन्फंट्रीचा. तो बर्फातल्या चौकीवरचे विनोद सांगायचा. गोठलेली अंडी हातोडीनं कशी फोडायची, वगैरे.

खरी गोष्ट तो बसमध्ये सांगायचा.

सोपानराव बाइकवर काळेवाडीला जायचा. हे दोघं कंपनीच्या बसनं निगडीला. चिमाजी उजवीकडच्या खिडकीशी बसायचा, ज्योतीराम त्याच्या डावीकडं. बस हायवेला लागली की ज्योतीराम त्या मेलेल्या कानात हळू आवाजात बोलायचा. पहारा माझा होता. त्याच वेळी सॅटेलाइट फोनवर माझा नंबर लागला. जोडीदाराला, अजिंक्यला म्हणलं, दहा मिनिटं माझ्या जागी उभा राहा. फोनवर बायको विचारत होती, बाथरूमला निळी फरशी घेऊ का पांढरी. तेवढ्यात वरून बर्फाचा कडा सुटला.

दोन वर्षं, एवढंच. चिमाजी खिडकीबाहेर बघत बसायचा. दुसऱ्या कुणाला हे माहीत नव्हतं. बायकोलाही नाही. कागदोपत्री पहारा अजिंक्यचाच होता.

आणि आता रुक्मिणीबाईंचा फोन आला होता. अजिंक्यची आई. औशाजवळच्या त्यांच्या गावात शाळेला अजिंक्यचं नाव देणार होते, सव्वीस जानेवारीला. "शेवटी तूच होतास की रे लेकरा त्याच्याजवळ," त्या म्हणाल्या. "कसा गेला, तूच सांग गावाला. मलाबी ऐकायचंय."

ज्योतीरामनं रजा टाकली. झेंडावंदनाला फौजी गेटवर पाहिजेच, म्हणून सुपरवायझरनं कुरकुर केली, पण दिली. जायचं ठरलं होतं. तिथं उभं राहून काय बोलायचं, ते ठरत नव्हतं. कागदावरचं की खरं? आठवडाभर तो त्या कानात पहिलं वाक्य बदलून बदलून बघत होता. खरं सांगायला लागलं की दुसऱ्या वाक्यावरून परत पहिल्यावर यायचा.

आज चार दिवस उरले होते आणि कान चालू झाला होता.

बस लागली. चिमाजी नेहमीच्या खिडकीशी बसला. ज्योतीराम तीन सीट मागं जाऊन बसला.

"तिथं कुठं तडमडतोस?" चिमाजीचा आवाज अख्ख्या बसमध्ये गेला. "इकडं ये."

सगळे वळून बघायला लागले. ज्योतीराम उठला आणि त्याच्या डावीकडं येऊन बसला. बस निघाली. पुढं सिमेंटचा मिक्सर अडकला होता, ज्योतीराम तो बघत राहिला. मोशीचा सिग्नल आला. अर्धा रस्ता असाच गेला.

स्पाईन रोडला बस वळली तेव्हा चिमाजीनं कानातलं मशीन काढलं. वरच्या खिशात टाकलं. खिशाचं बटण लावलं.

"हं. बोल," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

ज्योतीराम त्या बटणाकडं बघत राहिला. मग नेहमीच्याच हळू आवाजात त्यानं विचारलं, "काढल्यावर काहीच ऐकू येत नाही का?"

"कायबी न्हाई."

ज्योतीरामनं बटणावरून मान वर करून त्या रिकाम्या कानाकडं बघितलं. बस एका गतिरोधकावरून उडाली. मागं कुणाचा तरी डबा खाली पडला. चिमाजीची नजर बाहेरच होती.

"फरशी शेवटी कुठली बसवली?" त्यानं विचारलं. आज पहिल्यांदाच तो हळू बोलला.

ज्योतीराम म्हणाला, "निळी."

चिमाजीनं मान हलवली.

"सव्वीसची रजा मी बी टाकलीय."