गाडी उजवीकडे ओढते
मुखरूची जुनी गाडी बारा वर्षं डावीकडे ओढत होती आणि तो मुठी आवळून तिला सरळ ठेवत होता. लेक उर्वशी लायसन काढून आली, तरी “तुले झेपनार नाई,” म्हणत त्यानं तिला स्टिअरिंग दिलं नव्हतं. शेवटी बल्लारपूरच्या हेमराज मिस्त्रीनं पुढचे बुश, टाय रॉड, बॉल जॉइंट, सगळं नवं टाकलं. तर गाडी उजवीकडे ओढायला लागली! तिसऱ्या खेपेला मुखरू गॅरेजातच कडाडला, “काऊन बे, पार्ट उलटे बसवले का?” दोनदा सगळं खोलून पाहिलेल्या हेमराजनं पाना खाली आपटला. “मुखरूभाऊ, तुमी बाजूले बसा अन् पोरीले चालवू द्या.” कोरपना रोडवर उर्वशीच्या हातात गाडी सुतासारखी सरळ धावली. “बाबा, सरळच तं चालून राह्यली!” बाजूला बसलेल्या मुखरूच्या रिकाम्या मुठी मात्र मांडीवर अजून उजवीकडेच वळत होत्या.