स्वभावातला फरक

कुसुमताईंचा दमा लग्नाआधीपासूनचा. नवी गोळी लिहून देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळीने क्वचित स्वभावात फरक पडतो. तसं वाटलं तर लगेच सांगा."

महिन्याभरात दिगंबरराव त्यांना घेऊन स्वारगेटजवळच्या त्या दवाखान्यात हजर झाले.

"डॉक्टर, खोकला गेला, पण फरक पडलाय. चाळीस वर्षांत ही कधी उलटून बोलली नाही. आता म्हणते, सकाळचा धूप बंद करा, पाहुणे मला विचारून बोलवा. परवा माझ्या बहिणीसमोर सगळं जुनं उकरून काढलं."

डॉक्टरांनी कुसुमताईंकडे न बघताच गोळीच्या नावावर काट मारली.


हे सगळं कुसुमताईंना चाळीस वर्षं बोलायचंच होतं. दुसऱ्या वाक्याला धाप लागायची, इतकंच.